थंडीतल्या ट्रेकला पाय कसे सांभाळायचे: रांगणा ते केदारकंठा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चाललात, दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना फोड आले आणि शेवटचा टप्पा लंगडत काढलात. आता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडचा रांगणा किल्ला आणि नाताळच्या सुट्टीत उत्तराखंडातलं केदारकंठा हे बर्फातलं शिखर. बरोबर वहिनी आणि तुमचे सासरे. सासरे ६१ वर्षांचे, रोज कोल्हापूरच्या रंकाळ्यावर फिरणारे, पण मधुमेह आहे. नवे बूट घ्यायचेत, आणि थंडीसाठी दोन जाड मोजे एकावर एक घातले तर चालतील का, हा प्रश्न.

दोन मोज्यांचं आधी सांगतो. मोजे घातल्यावर बुटात पायाची बोटं मोकळी हलत असतील तर घाला. बूट आवळत असेल तर तो दुसरा मोजाच तुमचा पाय गार पाडेल. हे मी स्वतःच्या अंगठ्यावर शिकलोय. पहिल्यांदा बर्फात गेलो तेव्हा बूट एका मोज्याच्या मापाचे होते. पहाटे तीनला शिखराकडे निघताना गारठा बघून वर आणखी एक लोकरीचा मोजा चढवला आणि नाड्या करकचून बांधल्या. तासाभरात बोटं दुखायला लागली. मग दुखायची थांबली, आणि थांबली म्हणून मला बरं वाटलं. बरोबरच्या स्थानिक वाटाड्यानं बोटं हलतात का म्हणून विचारलं, तर मला हलवता येईनात. त्यानं तिथंच खाली बसवलं, वरचा मोजा काढायला लावला, नाड्या सैल केल्या आणि माझा पाय स्वतःच्या जॅकेटच्या आत पोटाशी धरला. दहा-पंधरा मिनिटांनी बोटांत रक्त उतरलं तेव्हा आलेली कळ अजून लक्षात आहे. अंगठ्याचं टोक पुढे तीन आठवडे बधीर होतं.

मोजा स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब रक्तातून येते, मोजा ती धरून ठेवतो, आणि तेसुद्धा धाग्यांत अडकलेल्या हवेच्या जोरावर. मोजा बुटात दाबला गेला की हवा गेली आणि रक्तही अडलं. मोजा भिजला की हवेच्या जागी पाणी आलं, आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी पटींनी लवकर ओढून नेतं. त्यामुळे थंडीतल्या ट्रेकला मी थंडीला घाबरत नाही, ओल आणि आवळलेला बूट यांना घाबरतो. तुम्हीही बूट, मोजे, नाड्या, विश्रांती सगळं ठरवताना एवढंच बघा की पाय कोरडा राहतोय का आणि मोकळा राहतोय का.

आता रांगणा. आपल्याकडे पावसाळी ट्रेकची सवय असलेल्यांना वाटतं की थंडीत वाट कोरडी, मग पायाला काय होणार. पण डिसेंबरच्या एका दिवसात पायाला तीन ऋतू सोसावे लागतात. पाटगाव सोडून भटवाडी, चिक्केवाडीच्या बाजूला सकाळी सातला चालायला लागा. वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत दवानं निथळत असतं. जाळीचा बूट अर्ध्या तासात पाऊस पडल्यासारखा भिजतो. दाजीपूरच्या सड्यांवरही, म्हणजे खडकाळ पठारांवरही, हाच अनुभव येतो. मग दहा-अकरानंतर ऊन तापतं, दुपारी पारा २८-३० अंशांपर्यंत जातो आणि तोच पाय आतून घामानं भिजतो. आणि मुक्काम केलात तर रात्री गडावर चांगलंच काकडायला होतं, तेव्हा दिवसभर भिजलेला पाय तसाच मोज्यात असतो. पावसाळ्यात पाय ओला आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण काळजी घेतो. थंडीत लक्षात येत नाही, म्हणून घेत नाही.

उपाय सोपा आहे, पण करावा लागतो. दव असेल त्या पट्ट्यात एक जुना मोजा घालून चाला. ऊन वर आलं की पहिल्या चहाच्या थांब्याला बूट काढा, पाय पुसा, पाच-दहा मिनिटं उघडे ठेवा आणि कोरडा मोजा घाला. ओला मोजा सॅकच्या पट्ट्याला बाहेरून अडकवा, दुपारपर्यंत वाळतो आणि पुढच्या बदलाला तयार होतो. दोन जोड्या दिवसभर फिरवत राहायच्या, तिसरी रात्रीसाठी पिशवीत बांधून ठेवायची आणि काही झालं तरी ती चालायला वापरायची नाही. माझ्याबरोबर येणाऱ्यांना पहिल्या दिवशी हा बूट काढण्याचा कार्यक्रम वेळखाऊ वाटतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्यांचे पाय धड असतात ते कोण आहेत हे बघितलं की पुन्हा कुणी कुरकुरत नाही.

सुती मोजे घरी ठेवा. सूत पाणी पितं आणि सोडत नाही. लोकर वेगळी आहे. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा धाग्याच्या आत घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. महाग आहेत हे खरं. पण बुटावरचे हजार रुपये कमी करून मोज्यांवर घाला, असं मी नेहमी सांगतो. आपल्याकडच्या ट्रेकला पातळ सिंथेटिक मोजा पुरतो.

कुसळांबद्दल सगळे ट्रेकर तक्रार करतात आणि उपाय फार थोडे जण करतात. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं मोज्यात शिरतात. त्यांचं टोक सुईसारखं असतं आणि शेपटी दमट-कोरड्या हवेबरोबर पीळ घेते आणि पीळ सोडते, त्यामुळे सकाळी दवात लागलेलं कुसळ दुपारी उन्हात आपोआप आत आत जातं. दिवसभर ते टोचत राहिलं की तिथली कातडी लाल होते आणि तिथंच पुढे फोड येतो. त्यांना उलट्या दिशेचे बारीक केस असतात, म्हणून शेपटीला धरून ओढलं तर टोक तुटून आत राहतं. मोजा उलटा करा आणि टोकाच्या बाजूनं पुढे ओढून काढा. मोज्यावर गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची कापडी आवरणं, असतील तर उत्तम, नसतील तर गुळगुळीत कापडाच्या ट्रॅक पँटचा पाय मोज्यावरून खाली ओढून घ्या. लोकरीचे महागडे मोजे गवतात उघडे ठेवू नका, त्यांना कुसळं सगळ्यात जास्त धरतात.

तुमच्या टाचेच्या फोडांकडे येतो. बूट कातडीला बाहेरून घासतो आणि ती सोलवटते, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत असतं तर फोडाऐवजी नुसती खरचट आली असती. चालताना आतलं हाड पुढेमागे सरकतं. वरची कातडी मात्र घामेजलेल्या मोज्याला चिकटून जागच्या जागी राहते. मधल्या थरांची हजारो वेळा ओढाताण होते, शेवटी ते आतल्या आत सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. ओल्या कातडीवर घर्षण वाढतं, म्हणून भिजल्या पायाला फोड लवकर येतात. तुमचे फोड दुसऱ्या दिवशी आले त्याचं कारण हेच. पहिल्या दिवसभर पाय पाण्यात होते, रात्री नीट वाळले नाहीत, आणि मऊ पडलेली टाच घेऊन तुम्ही सकाळी पुन्हा निघालात. भाताच्या रोपलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात तसंच हे.

फोड येण्याआधी ती जागा गरम लागते. साधारण पैशाच्या आकाराची, चटका बसल्यासारखी. त्या क्षणी थांबलात तर दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढच्या विसाव्यापर्यंत ढकललंत तर दोन दिवसांचं. गगनबावड्याकडच्या एका ट्रेकला कॉलेजमधली एक मुलगी होती. टाच जळतेय हे तिला पहिल्या तासातच कळलं होतं, पण आपल्यामुळे सगळे थांबतील म्हणून ती गप्प राहिली. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा कातडी मोज्याबरोबर आली. चूक माझी होती. थांबणं लाजिरवाणं वाटणार नाही असं वातावरण म्होरक्यानं करायचं असतं. तेव्हापासून निघाल्यावर अर्ध्या तासानं मी स्वतः थांबतो आणि सगळ्यांना नाड्या सोडून पाय बघायला लावतो. कुणाला गरज असो वा नसो.

या कामाला लागते ती साधी कागदी टेप, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते ती मायक्रोपोर. २०१६ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी वाळवंटातल्या २५० किलोमीटरच्या शर्यतींमध्ये १२८ धावपटूंवर हिचा प्रयोग प्रसिद्ध केला. टेप लावलेल्या जागांवर फोडांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी झालं होतं. तुम्हाला टाचेला फोड येतात हे आता माहीत आहे, तर टेप घरून निघतानाच लावा. पाय कोरडा, तेल-क्रीम काही नाही. टेपचे कोपरे कात्रीनं गोल करा म्हणजे मोज्यात अडकून उचकटत नाहीत, आणि एकही चुणी राहू देऊ नका, कारण चुणीखालीच नवा फोड येतो. चालायच्या आधी पायाला खोबरेल किंवा व्हॅसलीन चोपडण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पहिला तासभर त्यानं बरं वाटतं. मग तेच तेल कातडी मऊ करतं, धूळ धरतं आणि टेप चिकटू देत नाही. रोजच्या चालीसाठी मी ते सुचवत नाही.

फोड आलाच आणि लहान असेल, दुखत नसेल, तर फोडू नका. टेप किंवा गादीची पट्टी लावून पुढे चला. मोठा, टपोरा आणि पाऊल टेकू न देणारा असेल तर हात साबणानं धुवा, जागा बीटाडीननं पुसा, निर्जंतुक सुई बाजूनं तळाशी दोन ठिकाणी टोचा आणि पाणी हळूच दाबून काढा. वरची कातडी मात्र अजिबात काढायची नाही. तिच्याइतकं चांगलं ड्रेसिंग तुमच्या पिशवीत नाही. वर मलम, गॉज, टेप. मधुमेह असलेल्याच्या फोडाला सुई लावायची नाही, तो डॉक्टरांनीच बघायचा.

बुटांचं. कोल्हापूरच्या माणसाला हे मी चपलेवरूनच समजावतो. चप्पल लाईनमधून नवी कोल्हापुरी घेतली की ती चावणार हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तेल पाजतो, आधी घरात, मग गल्लीत, मग गावात, असं तिला पायाशी जुळवतो. पहिल्याच दिवशी ती घालून कुणी जोतिबाला चालत जाणार नाही. बुटाशी मात्र हीच माणसं अशी वागत नाहीत. खोक्यातून काढलेला बूट थेट गाडीत आणि गाडीतून थेट डोंगरावर. बुटालाही चपलेइतकेच दिवस द्या. तुमच्याकडे पाच-सहा आठवडे आहेत, म्हणजे या आठवड्यात घेतलात तरच जमेल.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय फुगतो आणि डोंगरावर तो त्याहून जास्त फुगतो. जे मोजे घालून चालणार तेच बरोबर न्या. दोन्ही बूट घाला, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, माप त्याचं घ्या. नाड्या बांधायच्या आधी पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट बसलं पाहिजे. मग नाड्या बांधून उतारावर उभं राहा, दुकानात उतार नसेल तर पायरीवर चवडा खाली करून. अंगठा पुढे टेकत असेल तर तो बूट कितीही सुंदर असला तरी परत ठेवा. आणखी एक गोष्ट माझ्या पाहण्यात नेहमी येते: आयुष्यभर चपला घालणाऱ्या आपल्या लोकांचा चवडा पसरट असतो आणि बरेच बूट पुढे निमुळते असतात. लांबी बरोबर येते आणि करंगळी चेपते. अशा वेळी एक माप मोठा घेऊन भागत नाही, रुंद साच्याचा बूट शोधावा लागतो.

रांगण्याला आणि केदारकंठाला एकच बूट चालेल का? चालवता येईल, पण मला ते पटत नाही. बर्फासाठी घोट्यापर्यंतचा, जलरोधक बूट हवा. तोच बूट आपल्या दुपारच्या उन्हात घातला तर पाय आतल्या आत शिजतो. सह्याद्रीत थंडीच्या दिवसांत हलका, जाळीचा, चांगल्या पकडीचा बूट बरा, भिजला तरी तासा-दोन तासांत वाळतो. खर्चाची ओढ असेल तर नवा पैसा बर्फाच्या बुटावर घाला आणि रांगण्याला जुनेच न्या. मात्र ते जुने बूट माळ्यावरून काढणार असाल तर एक तपासणी करा. चार-पाच वर्षं न वापरलेल्या बुटांचा तळ वरून ठीक दिसतो, पण आतला पॉलीयुरेथेनचा थर दमट हवेनं कुजलेला असतो. आपल्याकडचा पावसाळा त्याला पुरेसा आहे. पहिल्या उतारावर सोल उघडतो, कधी अख्खा हातात येतो. बूट दोन्ही हातांनी वाकवून बघा, कडेला चिरा दिसल्या किंवा भुगा पडला तर तो गेला. सोल घट्ट असेल तर कारागिराकडून कडेनं शिलाई मारून घ्या. बर्फाच्या बुटाला मात्र शिलाई मारू नका, तिथून पाणी येईल.

बर्फाचे बूट केदारकंठाच्या पायथ्याच्या सांक्री गावात भाड्यानं मिळतात. सासऱ्यांसाठी एकदाच वापरायचे म्हणून तसा विचार करत असाल तर त्यांच्यासाठी करू नका, कारण तो बूट त्यांच्या पायाला ओळखत नाही. तुमच्या दोघांसाठी घ्यायचेच झाले तर आतली सुटी गादी (इनसोल) आणि मोजे स्वतःचे घाला, आणि आदल्या संध्याकाळी घेऊन गावात तासभर फिरा.

उताराचं वेगळं बोललं पाहिजे. काळी पडलेली नखं चढावर होत नाहीत, उतारावर होतात. थंडीत आपल्याकडे मुरमाचा घसारा आणि वाळलेला पाला असतो, पाय सरकतो, प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या टोकावर आदळतात आणि नखाखाली रक्त साकळतं. उतरायला लागायच्या आधी थांबा, टाच मागे आपटून पाय मागच्या भिंतीला लावा आणि नाड्या घोट्यापाशी घट्ट, चवड्यावर सैल बांधा. बुटाची शेवटची दोन भोकं याच कामासाठी असतात: नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फास करा, दुसरी नाडी त्यातून ओवा आणि खाली ओढून बांधा. टाच जागची हलत नाही. नखं ट्रेकच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा. आदल्या रात्री कोपरे खोल कोरून कापलेली नखं बोटात रुततात.

भेगा असतील तर त्यांचं आजपासून सुरू करा. थंडीत टाच कोरडी पडते आणि जाड कातडी चालण्याच्या दाबानं चिरते. खोल भेग बर्फात भरत नाही. रात्री कोमट पाण्यात पाय भिजवा, पुसा, कोकमाचं मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) किंचित गरम करून भेगांत भरा आणि सुती मोजे घालून झोपा. सुती मोज्यांचा उपयोग इथे आहे. घट्टे फार जाड असतील तर दगडानं थोडे घासा, ब्लेड लावू नका. बोटांच्या बेचक्यात पावसाळ्यापासून पांढरी, खाजरी कातडी राहिली असेल तर ती बुरशी आहे. औषध दोन-चार आठवडे लावावं लागतं, म्हणून तेही आताच.

केदारकंठा साधारण १२,५०० फूट, आणि डिसेंबरअखेर रात्री पारा शून्याखाली बराच जातो. डेहराडूनहून सांक्रीपर्यंत दिवसभर गाडीत बसल्यानं पाय सुजतात, तेव्हा प्रवासात चपला किंवा सैल बूट घाला आणि दर थांब्याला थोडं चाला. बर्फात बोटं गार पडायला लागली की लोक मोज्याकडे बघतात. आधी डोक्याकडे आणि पोटाकडे बघा. शरीर थंडीत छाती-पोटातले अवयव राखतं आणि हातापायांचं रक्त आखडून घेतं. कानटोपी घाला, जॅकेटची चेन लावा, गूळ-शेंगदाणे खा, गरम पाणी प्या. धड गरम झालं की पायाकडे रक्त सुटतं. थांबल्याबरोबर जॅकेट घाला, थंडी वाजायची वाट बघू नका. उलट चढावर घाम येईल इतके कपडे घालू नका, तो घाम बुटात उतरतो. तंबूबाहेर लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिणं हे थंडीतलं नेहमीचं आहे, आणि त्यानं पाय आणखी गारठतात. तंबाखू आणि सिगारेट त्या चार दिवसांसाठी पूर्ण बंद. निकोटिननं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. ऊब येते म्हणून दारू घेणाऱ्याच्या अंगातली ऊब उलट बाहेर जाते.

बुटावर मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फात पकड देणारे छोटे खिळे, चढवाल तेव्हा रबराचा पट्टा बोटांवर किती दाबतोय ते बघा. अनेकांची बोटं त्या पट्ट्यानं गारठतात आणि दोष मोज्याला दिला जातो. दर तासाला थांबून बोटं वीस वेळा मिटा-उघडा. आणि एक लक्षात ठेवा: बोटं दुखताहेत तोवर ठीक आहे, ऊब देण्याची सूचना आहे. दुखायची थांबली आणि चालणं तसंच चालू आहे, तर ताबडतोब बूट काढा. कातडी फिकी, बधीर पण मऊ असेल तर जोडीदाराच्या पोटाशी किंवा काखेत पाय ऊबवा. पांढरी, मेणासारखी, दाबली तर कडक लागत असेल तर तो फ्रॉस्टबाइट, म्हणजे हिमदंश. चोळायचं नाही, बर्फानं तर कधीच नाही, शेकोटीजवळ धरायचं नाही. कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंशांच्या, ऊबवायचं असतं. लहान बाळाच्या आंघोळीचं पाणी कोपरानं बघतात तितपत. पण वाटेत पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर ऊबवूच नका, तसंच खाली उतरवून दवाखान्यात न्या. एकदा सुटून पुन्हा गोठलेल्या पायाचं नुकसान खूप जास्त होतं.

शून्याच्या वर असतानाही पाय जाऊ शकतो. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांचे पाय दिवसच्या दिवस थंड चिखलात राहून सडत, त्यावरूनच ट्रेंच फूट हे नाव रूढ झालं. त्यावर ब्रिटिश सैन्यानं केलेला उपाय तुम्ही तिघांनी उचलावा असा आहे: रोज मोजे बदलणं आणि एकमेकांचे पाय एकमेकांनी तपासणं. स्वतःचा पाय माणूस वरवर बघतो. वहिनींनी तुमचा, तुम्ही सासऱ्यांचा बघायचा, हे घरीच ठरवून टाका.

रात्री तंबूत शिरल्यावर पहिलं काम पाय. पुसा, बेचक्या कोरड्या करा, राखून ठेवलेले सैल कोरडे मोजे घाला. ओले मोजे झोपताना अंगावरच्या कपड्यात पोटाशी ठेवले तर सकाळपर्यंत बरेच वाळतात. बाहेर वाळत घातले तर सकाळी लाकडाच्या फळीसारखे हातात येतील. बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभरानं बदला, मग बूट पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी घ्या. गोठलेल्या बुटात पाय घालून सुरू झालेला दिवस दुपारपर्यंत सावरत नाही. शेकोटीवर बूट वाळवू नका, सोलचा गोंद सुटतो. बूट भिजलेलेच राहिले आणि निघायलाच हवं असेल तर कोरड्या मोज्यावर ब्रेडची पिशवी चढवून मग बूट घाला. दोन-तीन तास निभतं.

सासऱ्यांबद्दल शेवटी लिहितोय, पण माझ्या मनात सुरुवातीपासून तेच आहेत. रंकाळ्यावर रोज फिरतात म्हणजे दम आहे. दम हा प्रश्नच नाही. मधुमेहात पायाच्या नसा मंदावतात, आणि वर मी जे जे सांगितलं, जागा गरम लागली की थांबा, दुखायचं थांबलं की बूट काढा, ते सगळं पायाला कळतं यावर उभं आहे. ज्याला कळत नाही त्याचा फोड रात्री मोजा काढल्यावर रक्तानं समजतो. म्हणून तिकिटं पक्की करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून पायाची तपासणी करून घ्या. तळव्याला बारीक नायलॉनचा धागा टेकवून संवेदना बघतात आणि पावलावरची नाडी बघतात, पाच मिनिटांचं काम आहे. दोन्ही चांगलं निघालं तर चालू द्या, पण बूट घालण्याआधी दरवेळी आत हात घालून खडा, चुणी, कुसळ बघायचं, तंबूत किंवा बाहेर अनवाणी एक पाऊलही नाही, गरम पाण्याची पिशवी पायाशी नाही, कारण भाजलेलं त्यांना कळेलच असं नाही. रोज संध्याकाळी तळवे तुम्ही बघायचे.

संवेदना कमी निघाली तर मी त्यांना बर्फात नेणार नाही, आणि तुम्हीही नेऊ नका. त्यांचं मन मोडेल म्हणून डोंगरावर गेल्यावर ठरवू असं करू नका, तिथे माघारी फिरणं फार अवघड जातं. घरी नीट बसून सांगा. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर थंडीतल्या सकाळी त्यांच्याबरोबर तीन-चार तासांची सपाट चाल करता येते, सुंदर असते, आणि गाडी हाकेच्या अंतरावर ठेवता येते.

आता क्रम असा ठेवा. या आठवड्यात बूट आणि सासऱ्यांची तपासणी. पुढचे दहा दिवस नव्या बुटांनी रंकाळ्यावर, ट्रेकचेच मोजे घालून. मग जोतिबाच्या पायऱ्या चढ-उतार, मग सॅकमध्ये सात-आठ किलो घालून पन्हाळा ते मसाई पठार. रांगण्याला जुने बूट. प्रत्येक चालीनंतर घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी दोन्ही तळवे, टाचा आणि बोटं यांचे फोटो काढून ठेवा. लाली दरवेळी त्याच जागी दिसली तर तिथे टेप. ती टेप लावूनही तिसऱ्या चालीला तीच जागा लाल असेल तर बूट तुमच्या पायाचा नाही, दुकानात परत जा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हे कळलं तर बदलायला वेळ हातात असेल.